विषाणू जात बघत नाही, खोली बघतो

"विषाणू गरीब-श्रीमंत बघत नाही, जात-धर्म बघत नाही." २०२० साली हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले की ते पाठ झाले. मंत्री बोलले, नट बोलले, आपल्यातलेही काही व्याख्याते बोलले. ऐकायला ते मोठे समतेचे वाक्य आहे, आणि नेमके तिथेच आपण फसतो. विषाणू जात बघत नाही, कबूल. पण तो खोली बघतो. खोलीत माणसे किती, खिडकी आहे का, आत किती तास बसायचे, अंगात ताप असताना घरी थांबायची मुभा आहे का, एवढे चार प्रश्न तो विचारतो. आणि या देशात कोणाच्या वाट्याला कसली खोली येते हे कोण ठरवते, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

काहीजण म्हणतील, कोरोना गेला, आता जुने कशाला उकरता? मित्रहो, कोरोनाची बातमी गेली. ज्या खोल्यांतून तो पसरला त्या खोल्या तशाच आहेत. दर पावसाळ्यात आणि थंडीत त्याच खोल्यांतून फ्लू फिरतो. २००९ चा स्वाइन फ्लू फिरला, २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवर फिरला आणि लहान लेकरे दगावली. पुढची साथ कोणत्या नावाने येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती कोणत्या खोल्यांत आधी शिरेल हे आजच सांगता येते.

रोग हवेतून जातो, हे मान्य करायला इतका वेळ का लागला?

आधी शास्त्र नीट समजून घेऊ, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे.

माणूस बोलतो, खोकतो, गातो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा तोंडानाकातून ओलसर कण बाहेर पडतात. मोठे थेंब हातभर, दोन हात अंतरावर खाली पडतात. पण अगदी बारीक कण खाली पडत नाहीत. अगरबत्तीच्या धुरासारखे ते हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत ते साचत जातात. बाधित माणूस उठून गेला तरी मागे त्याची हवा राहते. गोवराचा विषाणू तर अशा हवेत दोन तासांपर्यंत टिकतो.

सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने ठासून सांगितले की कोविड हवेतून पसरत नाही. तो संदेश मार्च २०२० चा आहे. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या असे बजावले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेत प्रेते मोजता मोजता थकल्यावर, स्पष्ट लिहिले की बारीक कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन बसवा. ही सूचना किती कारखान्यांच्या दारावर लागली? आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या ज्या ज्या कामाच्या जागी मी गेले, तिथे "हात स्वच्छ धुवा" हा फलक दिसला. "खिडकी उघडा" हा फलक एकदाही दिसला नाही.

सेऊलमधल्या एका कॉल सेंटरचे उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये त्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर २१६ लोक काम करत होते. त्यांतले ९४ बाधित झाले, आणि बहुतेक सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. इमारतीची लिफ्ट तीच, लॉबी तीच, दाराच्या मुठी त्याच. तरी बाकीच्या सगळ्या मजल्यांवर मिळून बाधित निघाले तीन. रोग लिफ्टच्या बटणातून पसरला असता तर इमारतभर पसरला असता. तो पसरला एका खोलीत, दाटीवाटीने बसून दिवसभर बोलणाऱ्या माणसांच्या सामायिक हवेतून.

हवा किती सामायिक आहे हे मोजताही येते. उघड्यावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो शेकडा चारच्या आसपास असतो. खोलीतला आकडा १६०० वर गेला, की त्या खोलीतली साधारण तीन टक्के हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेली आहे असे समजावे. म्हणजे तुमच्या दर तीसेक श्वासांतला एक श्वास दुसऱ्याचा उष्टा. हे मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. गेटवर कपाळाला लावायची तापमापी विकत घेणाऱ्या मालकांना हे यंत्र मात्र सुचत नाही.

स्पर्शाची भीती आपल्या अंगात मुरलेली आहे

का सुचत नाही? इथे नुसता पैशाचा प्रश्न नाही. इथे आपल्या समाजाची जुनी सवय आड येते.

रोग म्हटला की या समाजाच्या मनात पहिला विचार येतो तो स्पर्शाचा. कोणाला शिवायचे नाही, कोणाला दारात उभे करायचे नाही, काय शिंपडले की शुद्ध होते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते "शुद्ध" केले. त्या पाण्यात जंतू किती, तळ्याची गाळणी कशी करावी, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. प्रश्न होता कोणी शिवले एवढाच.

त्याच मनाने २०२० ची साथ हाताळली गेली. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला, पायपीट करत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले. बाया होत्या, लहान मुले होती. बाजारांच्या तोंडाशी जंतुनाशकाचे बोगदे उभे राहिले. घरांच्या दारावर कागद डकवले. गावाच्या वेशी काटे टाकून बंद झाल्या आणि मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसाला शाळेच्या व्हरांड्यात ठेवले. या सगळ्याला नाव काय दिले? सोशल डिस्टन्सिंग. सामाजिक अंतर! हजारो वर्षे सामाजिक अंतर सोसलेल्या माणसांना हा शब्द ऐकून काय वाटले असेल, हे तो शब्द छापणाऱ्यांना विचारावेसेही वाटले नाही. आणि काही महाभाग तर "बघा, आमचे सोवळेओवळे किती वैज्ञानिक होते" असे सांगत सुटले.

त्यांना एकच उत्तर आहे. सोवळे माणसाला दोष देते. हवेचे शास्त्र खोलीला दोष देते. सोवळ्यात उपाय म्हणजे एखाद्याला बाहेर काढणे. हवेच्या शास्त्रात उपाय म्हणजे खिडकी काढणे, जागा वाढवणे, आजाऱ्याला पगारासह विश्रांती देणे. पहिल्या उपायाला खर्च शून्य आणि वर पुण्य. दुसऱ्या उपायाला मालकाच्या, संस्थाचालकाच्या, सरकारच्या खिशात हात घालावा लागतो. आता समजले, फवारे का सुचले आणि खिडक्या का सुचल्या नाहीत?

१९१८ ची मुंबई विसरू नका

"आपल्या कष्टकऱ्यांना काही होत नाही, त्यांची प्रतिकारशक्ती दांडगी असते" ही बढाई आपल्याच वस्त्यांत ऐकू येते. त्या बढाईला १९१८ चे आकडे पुरेसे आहेत.

त्या वर्षीचा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरातून आत आला. १० जूनच्या सुमारास पोलीस शिपाई रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. मग पुढच्या पंधरवड्यात आजार कुठे कुठे दिसला ते बघा: जहाज कंपनीचे कार्यालय, पोर्ट ट्रस्ट, बँक, तारखाते, टांकसाळ आणि रेचेल ससून मिल. म्हणजे रोग शहरात शिरला तो कामाच्या जागांवरून कामाच्या जागांवर उड्या मारत. तिथून तो चाळींत गेला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने चाळी रिकाम्या केल्या. देशभरात मेलेल्यांचा अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पुढे जातो.

मुंबईत त्या साथीत दर हजारी किती माणसे मेली, याचा हिशोब तेव्हाच्या सरकारने समाजवार ठेवला होता. युरोपियन ८.३. पारशी ९. इतर हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि ज्यांना त्या तक्त्यात "खालच्या जातीचे हिंदू" म्हटले आहे ते ६१.६.

हा आकडा परत वाचा. हजारात ६१. युरोपियनांच्या सातपट, सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून जास्त. विषाणू तोच, शहर तेच, महिने तेच. फरक कशाचा? एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, अर्धपोटी अंग, आजारात पाणी द्यायला उभे राहणारे माणूस नाही, आणि कामावर न गेल्यास चूल नाही. प्रतिकारशक्तीची बढाई मारणाऱ्याने हा तक्ता आपल्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावावा.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब याच काळात राहत होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून ते १९१८ च्या नोव्हेंबरात रुजू झाले, म्हणजे साथ नुकतीच ओसरत असताना. ज्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या चाळी बांधल्या, तो १८९८ साली, प्लेगनंतर, शहरातली कोंदट दाटी मोडण्यासाठीच स्थापन झाला होता. हवा आणि उजेड माणसाला लागतो हे इंग्रज सरकारला तेव्हाही ठाऊक होते. पण नव्या रुंद रस्त्यांची हवा कोणी खाल्ली आणि पाडलेल्या घरांतली माणसे कुठे कोंबली गेली, हा प्रश्न आजच्या झोपडपट्टी पुनर्वसनापर्यंत तसाच आला आहे.

शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, मुंबईतल्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात कोविडच्या प्रतिपिंडांचा पुरावा सापडला. झोपडपट्टीबाहेर राहणाऱ्यांत १६ टक्के. वॉर्ड तेच, विषाणू तोच. खोली वेगळी.

आपल्या खोल्या कोणत्या?

पन्हाळा हे थंड हवेचे ठिकाण. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, लोक शुद्ध हवा खायला वर येतात. त्याच गडाच्या पायथ्याच्या गावांतली पोरे-पोरी रोज सकाळी वडापमध्ये कोंबून शिरोली एमआयडीसीकडे, कोल्हापूरकडे जातात. आठ जणांच्या जीपमध्ये चौदा-पंधरा, पावसाळ्यात ताडपत्री खाली सोडलेली. दिवसाची पहिली सामायिक हवा तिथे मिळते. आणि गडावर ज्या पोरांनी पर्यटकांना झुणका-भाकर वाढायची, ती रात्री कुठे झोपतात हे एकदा विचारून बघा. एका लॉजवर मी पाहिले, स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत सात जणांच्या पथाऱ्या. शुद्ध हवा विकणाऱ्या धंद्यात हवा कामगाराच्या वाट्याला येत नाही.

इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये जा. सुती धाग्याला ओल लागते, कोरड्या वाऱ्याने तो तुटतो, म्हणून खिडक्या बंद. मागांच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. ओरडताना तोंडातून बाहेर पडणारे कण शांत श्वासापेक्षा कैक पट जास्त. कांडीवाल्या बाया, जॉबर, वहिफणीवाले, घडीवाले, सगळे त्याच हवेत, अनेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या पाळीत. मजुरी पिकावर. माग थांबला की मजुरी थांबली.

इथे "काळजी घ्या" म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे. शेडवर काम करणाऱ्या एका बाईने मला एका वाक्यात सगळे समाजशास्त्र शिकवले: "ताप असला म्हणून काय झालं ताई, खाडा पडला की दुकानाची उधारी कोण भागवणार?"

मोठ्या कारखान्यांत चित्र वेगळे असते असे कोणाला वाटत असेल तर २०२० च्या उन्हाळ्यानंतरचे वाळूज आठवा. बजाज ऑटोच्या आठ हजारांहून अधिक कामगारांच्या कारखान्यात जुलैच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २५० जण बाधित झाल्याच्या बातम्या आल्या. कामगार संघटना काही दिवस काम थांबवा म्हणत होती. कामावर न येणाऱ्याला पगार नाही, असे कंपनीचे उत्तर होते. संघटना असलेल्या ठिकाणी ही गत. जिथे संघटनाच नाही त्या शेडची बातमी कोण देणार?

आता सेवा-शुश्रूषेच्या जागा बघा. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि सगळे रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र झाले. आकडे परत बघा: परिचारिका २६, डॉक्टर ३. रुग्णाजवळ जास्त तास कोण असते, आणि कामानंतर एका खोलीत चारचार जण कोण राहतात, याचे उत्तर त्या आकड्यांत आहे. त्या आकड्यांत मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार वेगळे दिसतही नाहीत. ते ठेकेदाराचे. रुग्णालयाच्या हजेरीपटावरच नसतील तर बाधितांच्या यादीत कसे येतील?

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या देगाव इथल्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी एकदम बाधित सापडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक म्हातारी माणसे बाधित निघाली, त्यांतल्या बहुतेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतले होते. लस घ्यायलाच हवी, तिने जीव वाचतो. पण लस खोलीची हवा बदलत नाही.

अमेरिकेत सिएटलजवळच्या कर्कलंड इथल्या शुश्रूषागृहात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये जे मृत्यूंचे थैमान झाले, त्याच्या तपासात काय निघाले? आजारी असतानाही कर्मचारी कामावर येत होते, आणि काहीजण पोटासाठी एकाहून जास्त शुश्रूषागृहांत काम करत होते. त्यांच्याबरोबर रोगही एका म्हाताऱ्याच्या उशापासून दुसऱ्याच्या उशापर्यंत गेला. म्हणजे तिकडच्या मावशीची गोष्टही तीच. आजारपणाची पगारी रजा नाकारली की रोग कामावर हजर होतो.

कायदा काय म्हणत होता आणि कोणी तो पातळ केला?

हवा, जागा आणि तास या तीन गोष्टी कामगाराला कोणी दान दिलेल्या नाहीत. त्या लढून कायद्यात आल्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कायमस्वरूपी कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण त्याला विश्रांतीचा हक्क म्हणतो. तो आरोग्याचाही हक्क आहे. दूषित हवेत माणूस किती काळ श्वास घेतो यावर विषाणूची मात्रा ठरते. आठ तासांच्या जागी बारा तास म्हणजे दीडपट मात्रा. आता एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने काय केले? साथीचेच कारण पुढे करून बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधीच मजुरी, अशी अधिसूचना काढली. साथीत मात्रा वाढवण्याचा हा उपाय! १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, हे नशीब.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ताज्या हवेची सोय सक्तीची होती आणि दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठेवायला सांगितले होते. छत कितीही उंच असले तरी ४.२ मीटरपर्यंतचीच उंची मोजायची, म्हणजे मालकाला उंच पत्रा दाखवून सुटता येऊ नये. किती बारकाईने विचार केला होता बघा. मोजून बघितले तर माणशी साडेतीन चौरस मीटरच्या आसपास जमीन होते. आज तुमच्या कामाच्या जागी टेप लावून बघा.

पण हा कायदा वीज वापरणाऱ्या कारखान्यात किमान १० कामगार असतील तरच लागू होता. म्हणून कागदावर एका शेडचे तीन मालक झाले, बायकोच्या नावाने आठ माग, भावाच्या नावाने आठ. ही पळवाट बुजवायला हवी होती. संसदेने काय केले? सप्टेंबर २०२० मध्ये, देशात रोज हजारभर माणसे मरत असताना, कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यासंबंधीची नवी संहिता मंजूर केली आणि ही मर्यादा १० वरून २० वर नेली. वीज नसेल तर २० वरून ४० वर. हवेचा आणि जागेचा आकडा मूळ कायद्यातून काढून सरकारच्या नियमांवर सोपवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागूही झाली. पळवाटेचा हमरस्ता केला.

कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. चांगली योजना आहे. पण तीही १० कामगारांच्या आस्थापनेपासून पुढे. शिवाय आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे बिनपैशाचे. फ्लूचा माणूस कोणत्या दिवसांत सर्वांत जास्त विषाणू सोडतो? पहिल्या दोन-तीन दिवसांत. ज्या दिवशी त्याने घरी थांबणे सगळ्यांच्या हिताचे, नेमक्या त्याच दिवसांचे पैसे नाहीत. आणि बहुतेक वृद्धाश्रमांच्या मावश्या, लॉजची पोरे, वडापचे ड्रायव्हर, कांडीवाल्या बाया तर या योजनेच्या दारातही नाहीत.

"हे सगळे परवडणार कसे?"

हा प्रश्न येणारच. धाग्याला ओल लागते, खिडकी उघडली तर धंदा बसेल, असे मालक म्हणतात. मोठ्या गिरण्यांत ओल आणि ताजी हवा दोन्ही देणारी यंत्रणा असते. म्हणजे तंत्र आहे, लहान शेडला ते पोचवायचे आहे. यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत मागायला लोकप्रतिनिधी मंत्रालयात जातात, सवलत मिळतेही. त्याच सवलतीला एक अट जोडा: शेडमध्ये एक्झॉस्ट फॅन आणि हवेची मोजणी. मालकाला अनुदान परवडते तर कामगाराला हवा का परवडू नये?

दुसरा आक्षेप: लोकच बेशिस्त आहेत, मास्क लावत नाहीत. मास्कचा उपयोग आहे, नीट बसणारा असेल तर चांगलाच आहे. पण चाळीस अंशांच्या शेडमध्ये बारा तास ओरडत काम करणाऱ्याला मास्कवरून दंड करणे सोपे असते, शेडच्या मालकाला खिडकीवरून दंड करणे अवघड. जून २०२१ मध्ये राज्यात दुसरी लाट ओसरत असताना आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा बाधितांचा दर दहा टक्क्यांच्या खाली यायला तयार नव्हता. तेव्हा गावगन्ना चर्चा कशाची होती? दुकाने किती वाजता बंद करायची आणि लोक कसे ऐकत नाहीत याची. बंद खोल्यांतली हवा मोजा, असे कोणी म्हटल्याचे मला तरी ऐकू आले नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती असे पेटते प्रश्न असताना खिडक्यांचे काय घेऊन बसलात? त्यांना मी १९१८ चा आकडा परत दाखवीन. ६१.६. हा अत्याचारच आहे, फक्त त्याची एफआयआर होत नाही. पाण्यासाठी आपण महाडला गेलो, कारण पाणी सार्वजनिक आहे आणि त्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे. हवा त्याहून सार्वजनिक आहे. पाणी निदान घागरीत वेगळे काढून ठेवता येते, हवा तीही सोय देत नाही. वरच्या मजल्यावरच्या साहेबाला त्याच इमारतीत यायचे आहे आणि त्याच्या आईची शुश्रूषा तीच मावशी करणार आहे, जिला काल ताप होता आणि रजा नव्हती.

मग करायचे काय?

एक. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक वसतिगृहाची, निवासी शाळेची, वृद्धाश्रमाची खोलीनिहाय माहिती मागा: खोलीचे माप, खिडक्या, मंजूर संख्या, प्रत्यक्ष संख्या. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. खाटांमधले अंतर टेपने मोजा आणि फोटोसह समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन द्या.

दोन. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे विचारा, गेल्या तीन वर्षांत हवा आणि दाटी या कारणांवरून किती कारखान्यांना नोटिसा दिल्या. उत्तर शून्य आले तर तेच आपले पहिले पत्रक.

तीन. आजारपणाची पगारी रजा पहिल्या दिवसापासून, आणि कामगारसंख्येच्या अटीशिवाय, ही मागणी प्रत्येक कामगार संघटनेच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर आली पाहिजे. ठेक्यावरच्या मावशीला आणि सफाई कामगाराला ती आधी.

चार. आपली विहारे आणि समाजमंदिरे यांच्यापासून सुरुवात करा. वर्षावासात, जयंतीच्या बैठकीला दारे-खिडक्या लावून पन्नास माणसे कोंबायची आणि बाहेर आरोग्यावर भाषण ठोकायचे, हे चालणार नाही. दोन समोरासमोरच्या खिडक्या, एक बाहेर फेकणारा पंखा. वर्गणीतून होण्यासारखे काम आहे.

पाच. "सामाजिक अंतर" हा शब्द पुढच्या साथीत कोणी वापरला तर तिथल्या तिथे अडवा. शारीरिक अंतर म्हणा. आणि कोणी फवारा घेऊन माणसाच्या अंगावर आला तर त्याच्या हातातला फवारा काढून घ्या आणि त्याला खिडकीची कडी कुठे आहे ते दाखवा.

साथ येते तेव्हा सगळे आपल्याला टाळ्या वाजवायला सांगतात. आपण टाळ्या मागत नाही. आपण माणशी १४.२ घनमीटर जागा, आठ तासांचे काम आणि तापाच्या दिवशी मजुरीसह घर मागतो. हे भीक म्हणून नको, उपकार म्हणून नको. कायद्यात लिहिलेले होते ते परत लिहा आणि या वेळी दहा, वीस, चाळीस असे डोके न मोजता लिहा. एका माणसाला दोन फुप्फुसे असतात. शेडमध्ये नऊ माणसे असली तरी ती प्रत्येकाला दोनच असतात.

जयभीम.